टपावरचं ऊन आणि रोजचे साठ किलोमीटर: एका गाडीच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, बार्शी

जनावरांचे डॉक्टर आज दुकानात आले. गेल्या वर्षी त्यांच्या रानात पाच एचपीचा सौर पंप मीच बसवला होता, तेव्हापासून त्यांचा उन्हावर भारी विश्वास. "ताई, पंप उन्हावर चालतो, मग गाडी का नाही? टपावर दोन पॅनल टाकून द्या की." गेल्या महिन्यात दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात पुण्याच्या वायवे मोबिलिटीची ईवा ही छोटी गाडी आली, तिची बातमी त्यांनी मोबाइलवर जपून ठेवली होती. किंमत सव्वातीन लाखांपासून, टपावर सौर पॅनल, आणि वर्षाला ३,००० किलोमीटरपर्यंत नुसत्या उन्हावर, असा कंपनीचा दावा.

डॉक्टरांची गाडी वेगळी आहे. विजेवर चालणारी, चार दरवाजांची लहान हॅचबॅक, २४ युनिटांची बॅटरी, घेऊन दीड वर्ष झालं. वैराग, पांगरी, आगळगाव, पानगाव अशी रोजची फिरती साधारण ६० किलोमीटर. गाडीच्या पडद्यावर गेल्या पाच हजार किलोमीटरची सरासरी पाहिली: एका युनिटला १० किलोमीटर. म्हणजे दिवसाला बॅटरीतली ६ युनिटं, आणि भिंतीतल्या सॉकेटमधून मोजली तर चार्जिंगची घट धरून ७.

नाही म्हणणं सोपं होतं. पण गेल्या तीन वर्षांत हाच प्रश्न निदान पंधरा जणांनी विचारला आणि दर वेळी मी तोंडी उत्तर दिलं, मोजून दिलेलं नाही. डॉक्टरांना म्हटलं, जूनपर्यंत गाडी मला मोजू द्या. सामान निम्मं तुमचं, निम्मं माझं, उरेल ते दुकानात परत. एकच अट: गाडीच्या मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलला कुणी हात लावायचा नाही. तिथे तीनशेच्या वर व्होल्ट डीसी असतो. तो चुका करायची मुभा देत नाही, आणि गाडीची वॉरंटीही तिथेच संपते.

४ फेब्रुवारी

टेप घेऊन टप मोजला. दिसायला मोठा, पण कडा उतरत्या, मागे अँटेना, पुढे काचेकडे वाकलेला. सपाट म्हणता येईल असा भाग १३० बाय ११० सेंटिमीटर. दीड चौरस मीटरही नाही.

आपण घरावर टाकतो ते ५४० वॅटचं पॅनल सव्वादोन मीटर लांब आणि अठ्ठावीस किलोच्या आसपास असतं, त्यामुळे ते बादच. बॉनेटचा विचार केला, पण तो उघडावा लागतो आणि त्याचा उतार पुढे, म्हणजे गाडीचं तोंड उत्तरेला असलं की ऊन तिरपं. शेवटी १२० वॅटची दोन लवचीक पॅनल, प्रत्येकी ११० बाय ५४. बरोबर बसतात. एकूण २४० वॅट.

डॉक्टरांच्या पाच एचपी पंपाला रानात ४,८०० वॅटची पॅनल आहेत. टपावर त्याचा विसावा हिस्सा मावतो. आजच्या दिवसाची खरी नोंद एवढीच.

८ फेब्रुवारी, रात्र

जगात हे कुणी केलंय ते वाचत बसले. दोन वाजले.

मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते हॉलंडच्या लाइटइयरनं. आइंडहोवनची मुलं ऑस्ट्रेलियातल्या सौर गाड्यांच्या शर्यतीत जिंकली आणि त्यातूनच पुढे ही कंपनी निघाली. त्यांच्या 'लाइटइयर ०' गाडीवर टपापासून मागच्या दारापर्यंत ५ चौरस मीटर पॅनल होती आणि चांगल्या उन्हाच्या दिवशी ७० किलोमीटरपर्यंत मिळतील असा दावा होता. गाडीचा सगळा आकार हवा कापण्यासाठी बेतलेला. किंमत अडीच लाख युरो. २०२२ च्या अखेरीस फिनलंडमध्ये उत्पादन सुरू झालं आणि जानेवारी २०२३ मध्ये थांबलं. पुढच्याच महिन्यात जर्मनीच्या सोनो मोटर्सनं आपली सियॉन ही सौर गाडी रद्द केली. हजारो लोकांनी तिच्यासाठी आगाऊ पैसे भरले होते.

टोयोटानं २०१९ मध्ये शार्प कंपनीबरोबर एक प्रियस तयार केली. तिच्यावर अवकाशयानाच्या जातीचे सेल, ३४ टक्क्यांच्या वर कार्यक्षमता, एकूण ८६० वॅट. उभी असताना दिवसभरात जास्तीत जास्त ४४.५ किलोमीटर भरतील असं गणित. आपल्याकडे घरावर जे सेल येतात त्यांची कार्यक्षमता २० ते २२ टक्के. ते अवकाशाचे सेल बाजारातल्या गाडीला परवडणारे नाहीत.

आणि १९८७ ची ती पहिली शर्यत: डार्विन ते ॲडलेड, तीन हजार किलोमीटर. जनरल मोटर्सची सनरेसर जिंकली, सरासरी ताशी ६७ किलोमीटर, फक्त उन्हावर. फोटो बराच वेळ पाहिला. चालक जवळजवळ आडवा, गाडी झुरळासारखी चपटी, तीत ना मागचं आसन ना औषधाची पेटी. उन्हावर गाडी धावते यात शंका घ्यायला जागाच नाही. शंका आहे ती डॉक्टरांची गाडी धावेल का याची.

ईवाचा आकडाही मांडला. ३,००० भागिले ३६५ म्हणजे दिवसाला आठ किलोमीटर. गाडी हलकी, दोन मोठी माणसं आणि एक मूल बसेल एवढी. हा दावा मला खोटा वाटत नाही. रोज आठ-दहा किलोमीटर जाणाऱ्या शिक्षिकेसाठी आठ किलोमीटर म्हणजे सगळंच आलं. डॉक्टरांसाठी मात्र ते पांगरीच्या अर्ध्या वाटेपर्यंतचं.

११ फेब्रुवारी

मोठी अडचण आज कळली आणि ती उन्हाची नाही.

टपावरची वीज थेट गाडीच्या मोठ्या बॅटरीत घालायची तर नारिंगी केबलला हात लावावा लागतो, तो रस्ता आधीच बंद. मग उरतो चार्जिंगचा नेहमीचा सॉकेट. पण गाडी आणि चार्जिंग केबल एकमेकींशी बोलतात तेव्हा त्या बोलीतला सगळ्यात लहान आकडा ६ अँपिअर असतो. त्याखाली गाडी वीज घेतच नाही. २३० व्होल्ट गुणिले ६ म्हणजे १,३८० वॅट. माझ्याकडे २४०, तेही भर दुपारी.

नळाला करंगळीएवढी धार आणि मोटर म्हणते, पाइप भरल्याशिवाय मी उचलणार नाही. अशा वेळी गावाकडे जे करतात तेच इथे: मध्ये हौद. दिवसभर पॅनलनं एक लहान बॅटरी भरायची आणि संध्याकाळी तिच्यावर इन्व्हर्टर चालवून तासाभरात गाडीत रिकामी करायची.

हौद ठरवला: २४ व्होल्ट ६० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, साधारण दीड युनिट. १२ व्होल्टची घेतली असती तर १,३८० वॅटला सव्वाशे अँपिअर खेचले गेले असते, तेवढ्या जाड केबल डिकीत नकोत. २४ व्होल्टची बॅटरी भरायची तर दोन्ही पॅनल मालिकेत, म्हणजे एकापुढे एक, जोडावी लागतील, कारण एकाचा व्होल्टेज १९-२० च्या आसपास. मालिकेत एकावर सावली पडली की दोघांचं नुकसान. हे मनात ठेवलं आहे.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती, दुकान बंद. पुण्याहून सामान आलं ते घरीच उघडलं. एका पॅनलच्या जंक्शन बॉक्सचं झाकण सैल होतं, सिलिकॉन भरून घेतलं. दुपारी आईच्या पापडांशेजारी गच्चीवर दोन्ही पॅनल वाळत घातल्यासारखी पसरली. सव्वाबाराला २०३ वॅट. २४० चा आकडा प्रयोगशाळेतल्या २५ अंशांचा असतो, बार्शीच्या गच्चीवर तो मिळणार नाही, त्यामुळे २०३ ला मी खूश आहे.

२ मार्च

बसवलं. टपाला भोक पाडायचं नाही, बोल्ट मारायचा नाही, उद्या काढलं तर गाडी होती तशी दिसली पाहिजे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करू देत नाही, आणि डॉक्टरांची गाडी चेकनाक्यावर अडकलेली मला नको. म्हणून दाराच्या कडेला पकडणारं सामानाचं कॅरिअर, त्यावर पोकळ पॉलिकार्बोनेट पत्रा, त्यावर पॅनल. खालून हवा खेळते. वायर मागच्या दाराच्या रबरातून डिकीत. पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर, बॅटरी, घरच्यासारखी वीज देणारा दोन हजार वॅटचा शुद्ध साइनचा इन्व्हर्टर, प्रत्येक टप्प्यावर फ्यूज आणि मोजायला मीटर. सगळं मिळून वाढलेलं वजन ४१ किलो.

संध्याकाळी पहिल्यांदा गाडीला आमची वीज दिली. केबल ६ अँपिअरवर. हिरवा दिवा लागला तेव्हा आमचा हेल्पर पोरगा नाचलाच. डॉक्टरांच्या मुलीनं गाडीला कुंकू लावलं.

९ मार्च

पहिला आठवडा. पॅनलमधून निघालेली युनिटं, रोजची: ०.७१, ०.५८, १.०२, ०.४१, ०.६६, ०.५३, ०.४३. सरासरी ०.६२.

१.०२ रविवारची नाही, बुधवारची. त्या दिवशी पानगावात शिबिर होतं आणि गाडी सकाळी नऊपासून चारपर्यंत शाळेच्या उघड्या मैदानात उभी होती. ०.४१ च्या दिवशी ग्रामपंचायतीच्या लिंबाखाली.

आता हौदातून गाडीत जाताना काय होतं ते. बुधवारच्या १.०२ युनिटांतली इन्व्हर्टरच्या तोंडाशी ०.८३ उरली. गाडीनं घेतली, पण ६ अँपिअरवर गाडीचा स्वतःचा चार्जर रेंगाळत चालतो, आणि चार्जिंग चालू असेपर्यंत तिचे संगणक, पंप जागे राहतात. तेही त्याच विजेतून खातात. बॅटरीत पोचली अंदाजे ०.६६. पडद्यावर टक्केवारी तीननं वाढली.

शंभरातली पासष्ट. म्हणजे रोजच्या सरासरी ०.६२ मधली गाडीत ०.४०. चार किलोमीटर.

डॉक्टरांना फोनवर सांगितलं. थोडं थांबून म्हणाले, "चार तर चार. फुकटचे आहेत ना ताई."

१५ मार्च

सावलीची चाचणी. दुपारी बाराला १७१ वॅट येत होते. एका पॅनलच्या एका सेलवर हेल्परनं त्याची वही ठेवली. तळहातापेक्षा थोडी मोठी. आकडा ८८ वर. वही उचलली, परत १७०.

सेल एकमेकांना साखळीसारखे जोडलेले असतात. झाकलेला सेल वीज करत नाही आणि दुसऱ्यांची जाऊही देत नाही, म्हणून बायपास डायोड तो अख्खा भाग वगळून टाकतो. घराच्या गच्चीवर आपण जागा बघून पॅनल लावतो, पाण्याच्या टाकीची सावलीही चुकवतो. गाडी मात्र रोज वीस ठिकाणी उभी राहते आणि प्रत्येक ठिकाणी विजेचा खांब, पिंपळाची फांदी, कुणाच्या पत्र्याची कड असतेच.

१९ मार्च

रंगपंचमी. मुलांनी गाडीसकट पॅनल रंगवली. धुवायच्या आधी मोजून घेतलं: १२९. धुतल्यावर १६६. नुसत्या धुळीचा फरक आठवड्याला पाच-सहा टक्के येतो, हा रंगाचा होता.

३० मार्च, पाडवा

ही नोंद लिहायला जड जातंय, पण प्रकल्पाची सगळ्यात महत्त्वाची हीच.

पाच-सहा दिवस डॉक्टर म्हणत होते, गाडी पूर्वीपेक्षा जरा जास्त खाते का बघा. मला वाटलं एसी सुरू झाला असेल. आज सुट्टी म्हणून बार्शी ते वैराग रस्त्यावर स्वतः चालवून पाहिलं. ताशी ६० चा वेग, काचा बंद, एसी बंद, तीन फेऱ्या कॅरिअर आणि सगळ्या सामानासकट, मग सगळं उतरवून त्याच रस्त्यावर तीन फेऱ्या. सकाळी सहा ते साडेदहा, वारा जवळजवळ नाही.

सामान उतरवून: किलोमीटरला ९८ वॅट-तास. सामानासकट: १०४.

फरक सहाचा. सहा वॅट-तास गुणिले ६० किलोमीटर म्हणजे ३६० वॅट-तास, ०.३६ युनिट. पॅनल गाडीत दिवसाला घालतात ०.४०.

आडव्या दांड्या, त्यावरचा पत्रा, त्याखालून शिरणारी हवा आणि ४१ किलो. मी उन्हातून जेवढं मिळवत होते त्यातला दहावा हिस्सा सोडून बाकी सगळं वाऱ्याला देत होते. डॉक्टरांचे चार किलोमीटर प्रत्यक्षात चारशे मीटर होते.

लाइटइयरवाल्यांनी आधी आकार का घडवला आणि पॅनल मागाहून का बसवली ते आज हातानं कळलं. चालू गाडीवर वरून काही ठेवायचं म्हणजे गाडी घडवताना विंड टनेलमध्ये जे कमावलं ते पुसायचं. दुपारी श्रीखंड पुढ्यात होतं आणि मी ताटाशेजारी कागद घेऊन परत परत तेच भागाकार करत होते. आई म्हणाली, आकडे पळून जात नाहीत, आधी जेव.

६ एप्रिल

कॅरिअर काढलं. पॅनल थेट टपावर, गाडीच्या नावाच्या बिल्ल्याला लावतात त्या दुहेरी चिकटपट्टीवर. परत वैराग रस्ता: ९९ आणि १००. वाऱ्याचा प्रश्न मिटला.

दुपारी नवा प्रश्न. टपाचा लोखंडी पत्रा आणि पॅनल यांच्यात आता हवाच नाही. इन्फ्रारेड मीटरनं पॅनलचं तापमान ७१ अंश. २५ च्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज कमी होते, म्हणजे सोळा टक्के तिथेच गेले. पोकळ पॉलिकार्बोनेटच्या सहा मिलिमीटर पट्ट्या कापून पॅनलखाली समोर-मागे अशा लावल्या, त्यांच्या पोकळ नळ्यांतून हवा जाईल अशा. ६४ अंश. दोन-अडीच टक्के परत मिळाले. याहून जास्त उंच केलं की वारा पकडतो.

२४ एप्रिल

डॉक्टर आता गाडी उन्हात उभी करायला कुरकुरतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

आज दोन सारख्या भेटी मोजल्या. पांगरीत सकाळी साडेअकरा ते अडीच, तीन तास गाडी उघड्यावर: आत ५६ अंश. काल त्याच वेळी लिंबाखाली होती: ४१. उन्हातून निघताना पहिली पंधरा मिनिटं एसी पूर्ण ताकदीनं चालला. सावलीतल्या दिवसापेक्षा वाढीव खर्च ०.३५ युनिट. त्या तीन तासांत पॅनलनी दिली अर्धा युनिट, म्हणजे गाडीत पोचणारी ०.३२.

उन्हात उभं राहून कमावलं त्यापेक्षा गाडी थंड करायला जास्त गेलं. शिवाय त्या मोठ्या लिथियम बॅटरीचं आयुष्य उष्णतेनं झिजतं, ते मीटरवर दिसत नाही. पेटीतली औषधं तापतात ते वेगळंच. युरोपातल्या माणसासाठी गाडी उन्हात ठेवणं म्हणजे नुसतं ठेवणं असेल. सोलापूर जिल्ह्यात एप्रिलमध्ये झाडाखालची जागा मिळवायला माणसं दहा मिनिटं आधी येतात.

१२ मे

बुद्धपौर्णिमा. आणि बार्शीच्या अक्षांशावर सूर्य आज दुपारी बरोबर डोक्यावर, शून्य सावलीचा दिवस. हा दिवस मी फेब्रुवारीतच कॅलेंडरवर खुणेनं धरला होता. आडव्या पॅनलसाठी वर्षातले दोनच दिवस असे येतात, एक मेमध्ये आणि एक जुलैच्या अखेरीस. दुसरा ढगांत हरवतो. डिसेंबरात हेच ऊन दुपारी बारालाही ४८ अंशांवरून तिरपं येतं आणि सपाट टपाला त्यातलं पाऊणच मिळतं. घरावर आपण पॅनल दक्षिणेकडे कलतं ठेवून ही तूट भरून काढतो, गाडीला ती सोय नाही.

गाडी सकाळी सातपासून दुकानासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर. डॉक्टरांना आज माझी स्कूटर दिली. साडेबाराच्या सुमारास हेल्परनं पाण्याची बाटली उभी केली, खाली सावलीचा ठिपकाही नाही. गल्लीतली पोरं जमली, मग प्रत्येक जण आपापली सावली शोधायला लागला. १८४ वॅट, टपावरचा आजवरचा सगळ्यात मोठा आकडा. तीननंतर ढग.

दिवसअखेर १.०९ युनिट. गाडीत ०.७१. सात किलोमीटर, गाडी जागची न हलवता.

२७ मे

पाऊस. महिन्याच्या मध्यापासून वळिवानं झोडपलंच होतं, आणि मान्सून यंदा २४ तारखेला केरळात, २५ ला तळकोकणात पोचला. इतक्या लवकर आलेला मी पाहिलेला नाही. पेरणीच्या आधीच रानात पाणी साठलंय.

आठवड्याची सरासरी ०.२६ युनिट. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवायला जे लागतं ते वजा केलं तर गाडीत घालण्याजोगं काही राहत नाही. चार दिवस हौद भरलाच नाही.

४ जून

डॉक्टर आणि त्यांच्या मिसेस, दोघांसमोर वही उघडली.

सामानाला एकूण ५८ हजार गेले, त्यात दीड युनिटाची बॅटरी आणि इन्व्हर्टर यांचेच छत्तीस. चांगल्या महिन्यात दिवसाला गाडीत ०.४०, म्हणजे भिंतीतली ०.४७ युनिटं वाचली. युनिटला आठ रुपये धरले तर दिवसाला पावणेचार रुपये. पावसाळा धरून वर्षाला हजारच्या आसपास. म्हणजे ५८ हजार फिटायला अठ्ठावन्न वर्षं. लवचीक पॅनल तेवढी वर्षं टिकत नाहीत. त्यांचं प्लॅस्टिक चार-सहा वर्षांत पिवळं पडतं.

मग दुसरं पान. त्यांच्या घराची गच्ची रिकामी आहे. तिथे तीन किलोवॅट कलतं टाकलं तर आपल्याकडच्या उन्हात वर्षाची सरासरी दिवसाला बारा युनिटं. गाडीला सात पुरतात, उरलेली पाच घराला. पीएम सूर्यघर योजनेतून तीन किलोवॅटला ७८ हजार अनुदान. गाडी दिवसभर बाहेर असली तरी नेट मीटरवर युनिटं जमा राहतात, रात्री ती घ्यायची. यात हौद नाही, ६ अँपिअरची अडवणूक नाही, वाऱ्याचा भार नाही, आणि गाडी खुशाल लिंबाखाली.

गच्चीचं काम हा माझा धंदा आहे. म्हणून मी ते पान वाचून दाखवलं नाही, वही त्यांच्याकडे सरकवली आणि चहा होईपर्यंत बाहेर व्हरांड्यात बसले. तीन महिन्यांचे रोजचे आकडे त्यांनीच लिहिलेले होते, निम्म्या नोंदी त्यांच्या अक्षरात आहेत.

डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, गच्चीचं करू. पण टपावरची काढू नका, मला वाईट वाटेल.

११ जून

"वाईट वाटेल" हे आठवडाभर डोक्यात होतं. आज त्यांच्याबरोबर फिरतीला गेले, बघायला की या गाडीत वीज आणखी कशाला लागते.

उत्तर मागच्या सीटवर होतं. पावसाळ्याच्या तोंडावर जनावरांच्या घटसर्प आणि फऱ्या या रोगांच्या लसी चालू आहेत. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. डॉक्टर थर्मोकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्या घालून नेतात. सकाळी सातला पेटीत ४ अंश होते. अकराला ९. पुढच्या वस्तीवर त्यांनी उरलेल्या बाटल्या वापरल्या नाहीत, घरी फ्रिजमधून दुसऱ्या आणायला बावीस किलोमीटर मागे गेलो. म्हणाले, असं उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा होतं, आणि एखाद्या गरीब माणसाच्या म्हशीला मी कोमट लस टोचणार नाही.

मी तीन महिने टपावरच्या उन्हाला साठ किलोमीटर ओढायला लावत होते. त्याला पंधरा लिटर गार ठेवायला कधी सांगितलंच नाही.

१४ जून

१२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला लहान फ्रिज मागवला. चालू असताना ४५ वॅट, पण कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो. रात्री घरच्या सॉकेटवर गार करून ठेवला तर दिवसभराच्या फिरतीत ०.२० ते ०.३० युनिट.

जोडणी पूर्ण बदलली. इन्व्हर्टर गेला. २४ व्होल्टची बॅटरी दुकानात परत, तिच्या जागी १२ व्होल्ट ५० अँपिअर-तासाची, सहा किलोची. दोन्ही पॅनल आता समांतर, एकावर सावली आली तरी दुसरं आपलं काम करत राहतं. डीसीतून डीसी, मध्ये एसी नाही, गाडीच्या चार्जरची झोपमोड नाही. शंभरातली पासष्ट नव्हे, नव्वदच्या आसपास फ्रिजपर्यंत पोचतात. गाडीच्या वायरिंगला कुठेही स्पर्श नाही.

वहीची चाचणी परत केली: एका सेलवर वही ठेवली, १५२ चे ८१. निम्मंच झालं, पण फ्रिजला ४५ पुरतात.

२ जुलै

ढगाळ आठवडा. पॅनल ०.३१, ०.२२, ०.३८, ०.२९, ०.३४. दोन दिवस कमी पडलं, ते बॅटरीतल्या साठ्यातून निघालं. फ्रिजचं तापमान सकाळ-दुपार-संध्याकाळ डॉक्टर लिहितात: ४, ५, ५. एकदा ६, झाकण उघडं राहिलं होतं.

२१ जुलै

डॉक्टरांच्या गच्चीवर तीन किलोवॅट उभं राहिलं. सहा पॅनल, दक्षिणेला कल. नेट मीटर आज बसला, कार्यालयात तीन खेपा झाल्या. ढग असूनही पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत ७.४ युनिट. रात्री गाडीनं घेतली ६.९.

५ ऑगस्ट

आगळगावजवळच्या वस्तीवरून डॉक्टरांचा फोटो आला. मागचं दार उघडं, फ्रिजच्या पट्टीवर ५ अंश, शेजारी एक आजी शेळी धरून उभ्या, गाडी लिंबाच्या अर्ध्या सावलीत. खाली लिहिलंय: "ताई, ९४ वॅट येताहेत. गाडी अजून थोडी पुढे घेऊ का?"

लिहिलं, नको, तिथेच राहू द्या.